जांबला थंडी फार

आमच्या थोरल्या भावाचा नातू नऊ महिन्यांचा झाला. नातू ठाण्याला, भाऊ-वहिनी इथं जांब समर्थला. मधे अंतर आहे, पण आता ते सबबीपुरतंही उरलेलं नाही. समृद्धी महामार्ग पुरता खुला झाला, आणि ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली ती आता नांदेडपर्यंत धावते. सरकारने आपल्या बाजूने लेकराला आजीपर्यंत आणायची सगळी सोय करून ठेवली आहे.

दिवाळीत पुतण्याचा फोन आला. "काका, हिवाळ्यात लेकराला गावी आणत नाही. डॉक्टर म्हणाले, जपा. तिकडं थंडी फार."

वहिनींनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवून ठेवली होती. ती त्यांनी घडी घालून पेटीत टाकली. जांबची थंडी म्हणजे काय, तर पहाटे शेकोटी आणि दहा वाजता तुरीत उभं राहिलं की स्वेटर काढून बांधावर फेकायचा. पण डॉक्टरचं नाव निघालं की आमच्या घरात वाद संपतो.

डिसेंबरात पुन्हा फोन. "काका, आम्ही जपानला चाललो. आधी टोकियो, मग होक्काइडो. बर्फ बघायला."

"आणि लेकरू?"

"त्याच्यासाठीच तर!"

होक्काइडोतल्या साप्पोरोचा पारा जानेवारीत शून्याच्या खाली बसून असतो. मी भीत भीत डॉक्टरांची आठवण करून दिली. पुतण्या हसला. "काका, ती कोरडी थंडी असते. बाधत नाही." म्हणजे आमची ओली. मराठवाड्यात ओला दुष्काळ सोडून आणखी काही ओलं असतं, हे मला या वयात कळलं.

तयारी फार आधीपासून चालली होती, हे नंतर उलगडलं. पासपोर्टला नाव लागतं, म्हणून लेकराचं नाव बारशाआधीच कागदावर चढलं होतं. पाळण्याजवळ आत्याने कानात कुर्र केलं तेव्हा सरकारदरबारी ते नाव जुनं झालं होतं. आत्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही. सदर वाचून कळेल. मग फोटो. डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, मागे पांढरं. चार दिवस घरातली सगळी माणसं पांढऱ्या चादरीसमोर खुळखुळा वाजवत उभी होती. एवढ्या वेळात पोरगं जांबला येऊन, बोर-चिंच बघून, माघारी गेलं असतं.

टोकियोहून पहिला फोन आला तो कौतुकाचा. "काका, शिंकान्सेनमध्ये मांडीवरच्या बाळाला तिकीट नाही. फुकट!" मी म्हटलं, कुंभार पिंपळगावच्या एसटीतही नाही. तिकडून थोडा वेळ आवाज आला नाही. रेंज गेली असावी.

आता गावाने नावं ठेवावीत असं मुळीच नाही. घर सोडून जाण्यात जांबची परंपरा मोठी आहे. १६०८ साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाला, तो नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन थांबला. तिथं बारा वर्षं तप, पुढची बारा वर्षं देशभर पायी. आईला भेटायला आला तो चोवीस वर्षांनी, असं सांगतात. वहिनींनी हिशेब घातला. "म्हणजे मी ब्याण्णवची होईन."

फार काय, आमचे देवही बाहेरगावी जाऊन आलेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मंदिरातल्या जुन्या मूर्तीच चोरीला गेल्या. गावात चुली पेटेनात, पुढारी येऊन गेले, पोलिसांनी जंग जंग पछाडून मूर्ती शोधून आणल्या. नातवाच्या बाबतीत फिर्याद कोणत्या कलमाखाली नोंदवायची, हे मात्र भावाला सुचत नाही.

आणि हिवाळ्यात तान्ही लेकरं घेऊन परमुलखात जायची चाल आमच्या भागाला नवीन नाहीच. दिवाळी सरली की मुकादमाचे ट्रॅक्टर येतात. उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळी आणि कडेवरचं लेकरू घेऊन चढतात आणि ऊस तुटेपर्यंत, पाच-सहा महिने, फडाच्या कडेला कोपीत राहतात. पहाटे चारला आई मोळ्या बांधत असते आणि लेकरू पाचटावर झोपलेलं असतं. तिथली थंडी कोरडी की ओली, हे विचारायला कुठल्या डॉक्टरला फोन जात नाही. फोटोही येत नाहीत.

आमच्याकडे मात्र फोटो रोज येतात. बर्फात लेकरू. लेकराचं फक्त नाक. बाकी सगळं कपड्यात. एका फोटोत नागानोकडची माकडं गरम पाण्याच्या कुंडात मान काढून बसलेली. वहिनी चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिल्या. "यांना बरं हरभऱ्यात शिरायचं सुचत नाही!" सगळ्या फोटोंत माणसं भेटतील तिथं लेकराला निरखताहेत. निरखणारच. २०२४ साली अख्ख्या जपानात जन्मली ती ६ लाख ८६ हजार बाळं. तिथं बाळ दिसणं हेच आता प्रेक्षणीय स्थळ होत चाललंय.

पुतण्याचा जपानचा अभ्यासही वाढत होता. ३१ डिसेंबरच्या रात्री तिथल्या देवळांत १०८ वेळा घंटा वाजते. आमच्या जपमाळेचेच मणी. मूल महिन्याचं झालं की देवदर्शनाला नेतात, आणि रीतीप्रमाणे ते बापाच्या आईने उचलून घ्यायचं असतं. शंभराव्या दिवशी उष्टावण. बाईने बाळंतपणाला माहेरी जायचं, याला त्यांच्याकडे वेगळा शब्दही आहे. नव्या वर्षाला मोठ्यांनी पोरांच्या हातात पाकिटातून खाऊचे पैसे ठेवायचे. हे सगळं तो वहिनींना फोनवर समजावून सांगत होता, आणि वहिनी प्रत्येक वाक्याला "अगं बाई, हो का?" म्हणत होत्या. लेकरू मागे झोपलेलं. आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे त्यांची रात्र.

"मग रामनवमीला आणता का रे?" वहिनींनी विचारलं.

"आई, तेव्हा ऊन काय असतं तिकडं! बघू. तेवढा हुरडा कुरिअर करता आला तर करा."

मग फोन माझ्याकडे आला. "काका, एक गंमत सांगतो. इथं १ जानेवारीला बरीच दुकानं बंद. टोकियोत आमच्या भागात रस्ते मोकळे, आणि गाड्यांना मात्र तोबा गर्दी. मी हॉटेलातल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, माणसं गेली कुठं? त्या म्हणाल्या, नव्या वर्षाला सगळे आपापल्या गावी जातात, आजी-आजोबांना नातवंडं दाखवायला. काय संस्कृती आहे ना, काका!"

मी म्हटलं, "हो रे. मी पण ऐकून आहे."