वाइन शॉपमध्ये वाइन मागणारा माणूस

महाराष्ट्रात 'वाइन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात वाइन सोडून सगळं चटकन मिळतं. जाळीतून हात आत घालून क्वार्टर, खंबा, चिल्ड बिअर असा पुकारा चाललेला असतो आणि आतली पोरं मागे न बघता नेमकी ती बाटली काढून समोर ठेवतात. अशा ऐन गर्दीत संध्याकाळी साडेसातला कुणी सद्गृहस्थ शांतपणे "वाइन आहे का?" असं विचारतो, तेव्हा सगळी रांग क्षणभर गप्प होते. मालक एका पोराला माळ्यावर चढवतो. मागून कुणीतरी म्हणतं, "काका, जरा बाजूला होता का? तोवर आमचं होऊन जाईल."

हे काका म्हणजे नाना. कोथरूडला, ठाण्याला, नाशिकच्या गंगापूर रोडला प्रत्येक मोठ्या सोसायटीत हल्ली एक नाना सापडतो. वय पासष्टच्या पुढेमागे, निवृत्ती बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून, पेन्शन वेळेवर, साखर काठावर, आणि आठवड्यातून दोनदा जेवणाआधी एक ग्लास वाइन. आमच्या सोसायटीतले नाना एका सहकारी बँकेत शेतीकर्जाचं टेबल सांभाळायचे. तिथून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या, द्राक्षाचं ज्ञान आणि कागदपत्रांची शिस्त. 1949 सालच्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नुसतं कानावर असतं. नानांनी तो रीतसर काढला. आजीवन. लॅमिनेट करून पाकिटात पॅनकार्डाच्या मागे ठेवला. आजवर एकाही दुकानदाराने तो मागितला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

नाना वाइन घेतात ती मंडईत भाजी घेतात तशी. म्हणजे आधी उलटतपासणी.

"कोणती देऊ?" मालक विचारतो.

"कधी आली?"

"काय कधी आली?"

"बाटली हो. दुकानात कधी आली?"

"काका, दारू आहे ती. दूध नाहीये."

या वाक्याची नाना वाटच बघत असतात. "तुमची व्हिस्की दहा वर्षं माळ्यावर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. हिचं बिघडतं."

आणि यात नानांचं शंभर टक्के बरोबर आहे. वाइन जितकी जुनी तितकी भारी, हा समज आपल्याकडे सिनेमातून आला. वर्षानुवर्षं मुरवण्याच्या लायकीच्या बाटल्या जगात थोड्या, आणि महागही. तुम्हीआम्ही हजाराच्या आतबाहेर जी घेतो, त्यातली पांढरी तर एकदोन वर्षांत पिऊन टाकायचीच असते. लेबलवरचं साल द्राक्ष तोडल्याचं. नाशिककडे तोडणी जानेवारी ते मार्च, तेव्हा हिशेब करायला सोपं. ऊन, उकाडा आणि ट्यूबलाइट हे तिचे वैरी. त्यामुळे दुकानदाराने कौतुकाने शोकेसमध्ये मांडलेली, दोन दिवाळ्या पाहिलेली बाटली नाना हातातसुद्धा घेत नाहीत. "ती शोभेची राहू द्या. खोक्यातली द्या." वाइनवरची जाडजाड पुस्तकं वाचून लोकांना जे समजत नाही, ते या दोन वाक्यांत आलं असं माझं मत आहे.

घरात पहिली बाटली कशी आली, तो किस्सा ऐकण्यासारखा आहे. 2001 साली राज्य सरकारने वाइनसाठी खास धोरण आणलं. नाशिक जिल्ह्यात गावोगाव वाइनची द्राक्षं लागली, आणि त्यातल्या काही बागांच्या कर्जाच्या फायली नानांच्या टेबलावरून पुढे सरकल्या. 2008 नंतर मंदी आली, मागणी घसरली, तयार माल पडून राहिला, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी त्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. त्या दिवसांत नाना निफाडकडच्या एका बागाईतदाराकडे वसुलीला गेले. हप्ता काही मिळाला नाही. निघताना त्याने एक बाटली पुढे केली, "साहेब, आपल्याच बागेची आहे." कर्जदाराकडून भेट घेणं नियमात बसत नव्हतं आणि नको म्हणणं जिवावर येत होतं. नानांनी खिशातून पैसे काढले, बाटली घेतली आणि पावती मागितली. ती पावती अजून आहे. बाटली त्यांनी नानींसोबत दिवाळीत उघडली. नानी म्हणाल्या, "आंबट आहे, पण वाईट नाही." वाइनचं याहून नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

तेव्हा नानांकडे पिण्याचं एक भक्कम कारण होतं. रेड वाइन हृदयाला चांगली, असं पेपरात छापून यायचं आणि सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघात त्या कात्रणांची देवघेव चालायची. पुढे 2023 च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की मद्याचं कुठलंच प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. संघात शोककळा पसरली. नानांनी मात्र ते कात्रणही व्यवस्थित फाइल केलं आणि आठवड्यातल्या तीन ग्लासांचे दोन केले. "मी हृदयासाठी पीत नव्हतोच," ते म्हणाले. "जिभेसाठी पितो. जिभेबद्दल त्यांनी काही म्हटलेलं नाही."

नानांचा खरा प्रतिपक्ष म्हणजे त्यांचा पुण्याचा भाचा. हाही एक स्वतंत्र प्रकार आहे, पण त्याच्यावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही, कारण तो सगळीकडे भेटतो. शनिवारी मित्रांबरोबर नाशिकला एका वायनरीत गेला, पाच प्रकार घोट-घोटभर चाखले, बागेत फोटो काढले आणि रविवारी जाणकार होऊन मामाकडे उतरला. येताना परदेशी बाटली आणि फुगीर पोटाचे, लांब देठाचे दोन ग्लास घेऊन आला. नानांकडचे ग्लास सरबताचे.

भाच्याने वाइन ओतली, ग्लास गरागरा फिरवला, उजेडासमोर धरला. "मामा, हे ओघळ बघा. याला लेग्ज म्हणतात. काय सुंदर बॉडी आहे!"

नानींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"त्या ओघळांवरून अल्कोहोल किती ते कळतं," नाना म्हणाले. "चव नाही कळत."

भाच्याने नाक ग्लासात खुपसलं आणि डोळे मिटले. "ब्लॅक करंट. एकदम क्लिअर."

"तू खाल्लंयस कधी ब्लॅक करंट?"

भाचा थोडा घुटमळला. "आइस्क्रीममध्ये."

नानांनी ग्लास घेतला, दोनदा हुंगला. "जांभूळ. मागून मिरी. शिराझ असणार." बाटलीवर शिराझच लिहिलेलं होतं. अर्थात ते नानांनी आधीच वाचलं असण्याची दाट शक्यता आहे, कारण समोर आलेला कुठलाही कागद वाचल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. पण जांभूळ आणि मिरी मलाही लागली. पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये त्यांना हिरवा पेरू सापडतो, तोही मला सापडतो. ज्या फळांवर आपण वाढलो तीच आपल्या नाकाला ओळखू येणार, यात काही गैर आहे असं मला वाटत नाही.

भाचा अगदीच अंगावर आला की नाना कपाटातून एक कात्रण काढतात. 2001 साली बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 जणांना त्यांनी पांढरी वाइन दिली, एकदा तशीच आणि एकदा बेचव लाल रंग घालून. लाल दिसणाऱ्या ग्लासात त्या शिकाऊ पंडितांना रेड वाइनचे वास आले. नाना हे मोठ्याने वाचतात, कागदाची घडी घालतात आणि विचारतात, "मग? अजून काय काय दिसतंय तुझ्या ग्लासात?"

त्यांचं एक ठाम सांगणं असं की रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हे युरोपातल्या गारठलेल्या खोल्यांना ठीक आहे. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यात आपल्या खोलीत पारा अडतिसावर असतो, त्या वाइनला कढत म्हणतात. म्हणून नाना रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतात. पाहुणे अचानक आले तर स्टीलच्या बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ, त्यात बाटली. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या खाली उतरतं आणि पंधरावीस मिनिटांत काम होतं. उरलेली बाटली झाकण घट्ट करून फ्रिजच्या दारात, कोकमच्या बाटलीशेजारी. तीनचार दिवस बरी राहते. 750 मिलीचे पाच ग्लास होतात, दोघांचे दोन दिवसांत चार, पाचवा नानी मटणात घालतात. बुचाच्या बाटलीला प्रतिष्ठा आणि फिरकीच्या झाकणाला कमीपणा, हा हिशेब नानांना मान्य नाही. "बूच कधीकधी कुबट वास मारतं. झाकण मारत नाही. आणि ते उघडायला शेजाऱ्याकडे हत्यार मागायला जावं लागत नाही."

बरोबर खायचं काय, यावर त्यांचे प्रयोग नानींच्या सहनशक्तीवर चालतात. मिसळीबरोबर रेड घेऊन त्यांनी एकदा तोंड पोळून घेतलं, कारण अल्कोहोल आणि द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा तिखटाला आणखी भडकवतो. तेव्हापासून तिखटाबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ. कोथिंबीरवडी आणि तळलेल्या बोंबिलाबरोबर सोव्हिन्यों. शिराझ सुक्या मटणाला. पुरणपोळीबरोबर काय, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि म्हणाले, "तूप."

इथवर वाचून नाना कुणालाही हवेहवेसे वाटतील. म्हणून आता त्यांची दुसरी बाजू सांगायला हवी. भाच्याच्या 'टॅनिन' आणि 'फिनिश'वर हसणाऱ्या या माणसाला फक्त कुणी द्राक्ष हा शब्द ऐकवायचा अवकाश. मग एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी, भुरी, किती ब्रिक्सला तोड करावी, खायचं द्राक्ष मोठं नि पातळ सालीचं तर वाइनचं बारीक, बियांचं, जाड सालीचं, आणि रेडचा रंग त्या सालीतूनच कसा येतो, हे सगळं विनाविराम सुरू होतं. ग्लासातली वाइन गरम होते, वड्या गार होतात, नानी टीव्ही लावतात. परिभाषा नको म्हणणाऱ्या नानांकडे परिभाषा भरपूर आहे, फक्त ती फ्रान्सऐवजी पिंपळगावहून आलेली आहे. भाचा निदान पंचेचाळीस मिनिटांत थांबतो. वायनरीतलं त्याचं टेस्टिंग तेवढ्याच वेळाचं होतं.

2022 च्या जानेवारीत हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' यावर महाराष्ट्रभर वाद पेटला, तेव्हा मी नानांना त्यांचं मत विचारलं. मला वाटलं, खूश असतील. नाना म्हणाले, "दारूच आहे. दारू नाही म्हणून मुलं ग्लासावर ग्लास पितील. बारातेरा टक्के म्हणजे बिअरच्या दुप्पट. दारू आहे म्हणून एकच ग्लास पितो ना मी!" निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांना आणि विरुद्ध बोलणाऱ्यांना, दोघांनाही हे उत्तर अडचणीचं होतं.

नानांकडे बुधवारी किंवा रविवारी साडेसातनंतर जावं. न पिणाऱ्याला कोकम मिळतं, आग्रह होत नाही. हात हलवत जायला संकोच वाटत असेल तर बाटली न्यावी, पण शोकेसमधली नेऊ नये, आणि हजारावरची नेलीत तर बिल जवळ ठेवावं. ते मागतात.