खाडा आणि प्रमाणपत्र

हॉटेलांच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर हल्ली दाटी झाली आहे. तिरुपती बालाजी, साईबाबा, हार घातलेले कैलासवासी संस्थापक, एफएसएसएआयचा परवाना आणि त्याला चिकटून नवा पाहुणा: अन्नसुरक्षा पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र. उदबत्ती सगळ्यांना मिळून एकच.

हे प्रमाणपत्र 'फॉस्टॅक' या योजनेतून मिळतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ती 2017 मध्ये आणली. परवानाधारक व्यवसायात दर 25 कामगारांमागे एक शिकलेला पर्यवेक्षक हवा. त्यानं स्वतः शिकायचं, मग बाकीच्यांना शिकवायचं. करोनात वर्ग मोबाइलवर आले आणि मालकांचा जीव भांड्यात पडला, कारण आता माणूस शिकत असतानाही गल्ल्यावर दिसतो. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. मोरीवरचा पोऱ्या दोन वर्षं टिकला, तर मालक त्याला घरचा माणूस म्हणतात.

शिकायला बसतो कोण? ज्याच्याकडे चांगला फोन आहे तो. म्हणजे मॅनेजर, नाहीतर मालकाचा पुतण्या. आवाज बंद करून व्याख्यान चालू ठेवायचं, मधूनमधून पार्सलचे पैसे घ्यायचे आणि शेवटी चाचणीत चार पर्यायांतला सगळ्यात सोवळा पर्याय निवडायचा. हात कधी धुवावेत? 'प्रत्येक वेळी.' पास. कणकेत ज्याचे हात असतात तो त्या वेळी कणीक मळत असतो.

अभ्यासक्रमाला नावं ठेवण्याचा माझा विचार नाही. त्यात कामाचं पुष्कळ आहे. 5 ते 60 अंश सेल्सिअस या टापूत जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून गरम ते 60च्या वर ठेवा आणि गार ते 5च्या खाली. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला की 'सगळं मरतं', या आपल्या राष्ट्रीय समजुतीलाही तिथं धक्का बसतो. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते रुजतात आणि त्यांनी केलेलं एक विष तुमच्या फोडणीला भीक घालत नाही. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं 25 टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकायचं, असा नियम 2018 पासून आहे. वडापाव वर्तमानपत्रात बांधू नये, कारण शाई पोटात जाते. (या सदराचं पान वड्याखाली जात असेल, तर शाईपेक्षा मजकुराला जपा.)

हे सगळं भट्टीवरच्या वस्तादाला सांगून बघा. तो थर्मामीटरकडे बघत नाही, रस्सा बोटावर घेतो. त्यालाही शिकवता येईल, त्यात अवघड काही नाही.

अवघड धडा पुढचा आहे आणि तो पडद्यावर अर्ध्या मिनिटात सरकतो. जुलाब, उलट्या, ताप, कावीळ, हाताला पिकलेली जखम असेल तर कामगारानं पर्यवेक्षकाला सांगायचं आणि अन्नापासून लांब राहायचं. अन्न परवान्यांच्या 2011 च्या नियमावलीतल्या चौथ्या परिशिष्टातही हेच आहे. वर्षातून एकदा डॉक्टरी तपासणी आणि विषमज्वराच्या वर्गातल्या रोगांविरुद्ध लस, हेही त्यातच आहे. वाक्य सोपं आहे: 'आजारी असाल तर सांगा.' सांगितलं की काय होतं, ते मात्र कुठल्याच पडद्यावर येत नाही. खाडा लागतो.

खाडा म्हणजे दिवसाची मजुरी गेली. जेवण हॉटेलात आणि झोपणंही हॉटेलातच असेल, तर बाकं जोडून आजारी माणूस पडणार तिथंच, जिथं सकाळी इडलीचं पीठ ठेवायचं. चार दिवस पडून राहिला तर त्याच्या जागी गावाकडून दुसरा येतो आणि तो दुसरा जात नाही. अशा वेळी सुज्ञ माणूस मेडिकलमधून गोळी घेतो, तोंड मिटतो आणि भट्टीवर उभा राहतो. त्याला 'आजारपण कळवा' हे उत्तर माहीत नसतं असं नाही. त्याला त्याची किंमतही माहीत असते.

ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये घडून गेली आहे. मेरी मॅलन नावाची आयरिश आचारीण श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करायची. ती धडधाकट होती, पण पोटात विषमज्वराचे जंतू वागवत होती. जाईल त्या घरात माणसं तापानं पडत. 1907 मध्ये तिला पकडून बेटावर ठेवलं. 1910 मध्ये 'पुन्हा स्वयंपाक करणार नाही' असं लिहून घेऊन सोडलं आणि धुणं धुवायला लावलं. धुण्याला स्वयंपाकापेक्षा पैसे कमी. मेरीनं नाव बदललं आणि पुन्हा कढई धरली, तीही थेट एका प्रसूती रुग्णालयात. तिथं 1915 मध्ये पंचविसेक जण आजारी पडले, दोघे दगावले. मेरीला पुन्हा बेटावर नेलं आणि 1938 मध्ये ती मरेपर्यंत तिथंच ठेवलं. जगानं तिला 'टायफॉइड मेरी' असं नाव दिलं. तिचं चुकलंच, दोन जीव गेले. पण तिला आचाऱ्याचा पगार देऊन घरी बसवणं हे बेट सांभाळण्यापेक्षा स्वस्त पडलं असतं का, हा हिशेब कुणी मांडल्याचं ऐकिवात नाही. सरकारी हिशेबात बेटाला तरतूद सापडते.

आपल्याकडे महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस भरपगारी नैमित्तिक रजा आहे. छान आहे. फक्त चार माणसांच्या हॉटेलाला तो कायदा पूर्णपणे लागू होत नाही आणि आपण मिसळ खातो ती बहुधा चार माणसांच्याच हॉटेलात. अन्नाचा कायदा एका खात्याकडे, रजेचा दुसऱ्या. निरीक्षक येतो तो फ्रिज उघडून बघतो, टोप्या मोजतो, हजेरीचं पुस्तक मागत नाही, कारण ते त्याचं काम नाही.

मोरीचंही तसंच. हात वीस सेकंद साबणानं धुवा म्हणतात. स्वयंपाकघरातला एकमेव नळ भांड्यांच्या ढिगाखाली गाडलेला असतो आणि साबण म्हणजे भांडी घासायची तीच हिरवी वडी. शिवाय खांद्यावरचं फडकं आहेच. टेबल, ताटली, कपाळ, सगळ्यांना समान न्याय देणारं आपल्या राज्यघटनेनंतरचं दुसरं काही असेल तर ते हे फडकं.

तेव्हा कामगारांची परीक्षा चालू द्या, पण एक मालकांचीही काढा. प्रश्न एकच पुरे. वस्तादाला पहाटेपासून जुलाब होताहेत आणि आज रविवार आहे. अ) पगार चालू ठेवून घरी पाठवाल. ब) खाडा लावून घरी पाठवाल. क) गोळी देऊन भट्टीवर उभं कराल. ड) 'मला कुणी सांगितलंच नाही' म्हणाल.

ही परीक्षा ऑनलाइन नको. दुपारी एक वाजता, दारात गिऱ्हाइकं ताटकळत असताना घ्या.