मुद्दल कमी करण्याचे माझे प्रयोग

आमच्या मंडळीवर कर्ज झालं त्यात माझा हात नव्हता. हात होता तो गारपिटीचा. ते कर्ज फेडण्यात मात्र मी दोन्ही हातांनी भाग घेतला, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं चाललं, असं आमच्याकडे काही लोक अजून म्हणतात.

मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलीत एका चर्चचे सगळे सभासद. आमची मंडळी अकोल्याची. मी मास्तरकीतून निवृत्त होऊन अमरावतीला गाडगेनगरात राहतो, पण नाव अजून अकोल्याच्याच वहीत आहे. रविवारी पहाटे बडनेऱ्याला गाडी धरायची, मूर्तिजापूर गेलं की टाय बांधायचा आणि पहिल्या गीताला बाकावर हजर व्हायचं. एवढ्या लांबून येणारा माणूस कामाचा असेल, अशा गैरसमजातून मला चिटणीस केलं होतं.

एका फेब्रुवारीत गारा पडल्या आणि मिशनच्या जमान्यातली कौलं फुटली. नवा स्लॅब टाकायचा ठरला. एका पतसंस्थेनं चर्चमागच्या दोन खोल्या गहाण ठेवून सहा लाख द्यायचं कबूल केलं. व्याज १२ टक्के, मुदत सात वर्षं. पण सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांना असं मनात आलं आणि कर्ज काढलं, असं करता येत नाही. १९५० च्या कायद्याचं कलम ३६-अ आहे, धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. अर्ज मी लिहिला. भाषा उत्तम होती. फक्त सभेच्या ठरावाची नक्कल जोडायची राहिली, आणि दुसऱ्या खेपेस जोडली ती मागच्या वर्षीच्या नाताळ सहलीच्या ठरावाची. मधे एक पावसाळा गेला. त्या पावसाळ्यात अर्पणाची थैली आणि बादली एकाच वेळी बाकांवरून फिरायची.

हप्ता बसला १०,५९२ रुपयांचा. पहिल्या हप्त्यातले सहा हजार नुसत्या व्याजात गेले, मुद्दल हटलं साडेचार हजारांनी. खजिनदार मावशी निवृत्त नर्स. आयुष्यभर थेंब मोजून सलाइन लावलेली बाई. त्या म्हणाल्या, "सर, पयल्यापासून महिन्याले हजार रुपये जास्तीचे भरले तं चौऱ्याऐंशीच्या जागी चौऱ्याहत्तर हप्त्यात फिटते. व्याजाचे चाळीस हजार वाचतात. म्या मांडून पाह्यलं."

मी म्हणालो, "मावशी, यात कल्पकता कुठं आहे?"

त्यांनी वही मिटली.

माझी पहिली कल्पकता थेट शास्त्रातली होती. धनी परदेशी जाताना चाकरांकडे पैसे सोपवतो आणि परत येऊन हिशेब मागतो, तो दाखला. पन्नास घरांना मी मंडळीच्या पेटीतून शंभर-शंभर रुपये वाटले. सहा महिन्यांत वाढवून आणा म्हटलं. आता या दाखल्यातला नालायक चाकर मत्तयाच्या शुभवर्तमानात पैसे जमिनीत पुरतो आणि लूकच्या शुभवर्तमानात रुमालात बांधून ठेवतो. आमच्याकडे दोन्ही पंथ निघाले. बावीस घरांनी तीच नोट परत केली. काही नोटांना मातीचा वास होता, काहींना डांबरगोळीचा. दहावीतल्या एका पोरीनं चर्चच्या फाटकाशी लिंबू सरबत विकून शंभराचे ७४० केले. दोघांनी शरमेनं घरचे शंभर आणून दिले. उरलेल्या पंचवीस घरांनी धंदा केला. कोणाचं सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं खाल्लं, कोणाच्या भज्यांचं तेल संपलं आणि भजी घरच्यांनी संपवली. पाच हजार गेले, ३,१४० आले. रुमालवाल्यांना मी भर सभेत टोमणा मारणार होतो. मावशींनी बाह्या ओढून खाली बसवलं. "त्याइच्यामुळंच तं बावीसशे वाचले, सर."

मग सोडतीचा विचार केला. पहिलं बक्षीस कुलर. अकोल्यात मे महिन्यात कुलरसाठी माणूस स्वर्गाचं आश्वासनही बाजूला ठेवेल. पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं, "वधस्तंभाखाली चिठ्ठ्या कोणी टाकल्या होत्या, गुरुजी?" शिपायांनी, प्रभूच्या कपड्यांसाठी. मी म्हणालो, प्रेषितांनीही मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्याच होत्या. साहेब क्षणभर गप्प झाले, मला जिंकल्यासारखं वाटलं. तेवढ्यात मंडळीतल्या वकीलभाऊंनी मागून सांगितलं की राज्य सरकारची लॉटरी १९६९ पासून सुरळीत चालू आहे आणि आमच्या बिनपरवाना लॉटरीची तिला गरज नाही. विषय संपला.

तिसऱ्या प्रयोगाचा मला खरा अभिमान होता. मिझोरममधल्या प्रेस्बिटेरियन बाया १९१० पासून रोजच्या स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात. बुहफाई थाम म्हणतात त्याला. तो तांदूळ चर्चला जातो, विकला जातो, आणि मुठीमुठीनं दरसाल कोट्यवधी उभे राहतात. मी वाचलं आणि मला रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या रविवारी घरोघरी डबे वाटले.

मिझोरममध्ये सगळे भात खातात, ही गोष्ट माझ्या ध्यानातून निसटली. आमच्याकडे एका घरी ज्वारी, दुसरीकडे गहू, तिसरीकडे रेशनचा तांदूळ, आणि ज्यांच्या घरी नुसतं वरण शिजलं त्यांनी तुरीची डाळ टाकली. मी सगळे डबे एकाच पोत्यात ओतत गेलो. तीन पोती भरली. ऑटोत घालून बाजारात नेली. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठ बाहेर काढली, उन्हात धरली.

"गुरुजी, हे काय होय?"

"धान्य."

"ते दिसून राह्यलं. कोनतं?"

"सगळं."

"भाव कायचा लावू मंग? गव्हाचा लावला तं ज्वारी रुसते." मागून हमाल हसले. "हे कोंबड्याइले टाका, बाप्पा."

ऑटोभाडं दोन्ही वेळचं मीच दिलं. पोती मागच्या गहाण खोलीत ठेवली, म्हणजे कर्जाचं तारण तेवढंच वाढलं.

दर आठवड्याला मी गाडगेबाबांच्या समाधीवरून जातो. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा हा माणूस. फुटकं गाडगं आणि खराटा घेऊन फिरला आणि लोकांच्या पैशावर पंढरपूर, नाशिकला धर्मशाळा उभ्या करून गेला. मी तिथून जाताना दरवेळी वर्गणीचाच विचार करायचो. खराट्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

कापणीच्या सणाचा लिलाव तर आमच्याकडे जुनाच. लोक शेतातलं, परसातलं आणून वेदीपुढं ठेवतात. भोपळे, तुरीच्या शेंगा, अंडी, ज्वारीची कणसं. उपासनेनंतर बोली लागते. घेणारा बरेचदा तीच वस्तू परत अर्पण करतो, ती पुन्हा लिलावात येते, आणि एक लिंबू चारदा विकून पाचशे रुपये मिळवतं. यात सुधारणा करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी दोन वर्षांपूर्वी बोली लावायचं काम मी मागून घेतलं.

एक कोंबडा आला होता. तुरा लाल, नजर खजिनदारासारखी. बोली चारशेवर अडली. मी मागच्या भिंतीकडे हात करून ओरडलो, "मागून सहाशे!" मागे कोणी नव्हतं. पुढचा सातशे म्हणाला. "मागून नऊशे!" तो हजार म्हणाला. मी म्हणालो, "मागून अकराशे!" आणि पुढच्यानं हात जोडले. सगळी मंडळी मान वळवून मागं बघू लागली. तिथं भिंत होती, भिंतीवर घड्याळ होतं.

"घड्याळानं घेतला का, सर?" मावशींनी विचारलं आणि पावती माझ्या नावानं फाडली. माझ्यामुळे मंडळीला झालेली निव्वळ कमाई म्हणायची तर ती ही एकच.

वेदीपुढं परत ठेवावा तर पुन्हा बोली लावायला माझी छाती नव्हती. संध्याकाळच्या एस.टी.नं त्याला पिशवीत घालून निघालो. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं फाडू का पूरं?" मूर्तिजापूरपर्यंत कोंबडा गप्प होता, आणि मला डुलकी लागल्यावर तो शेजारच्या काकाजींच्या मांडीवर जाऊन बसला. घरी बायकोनं दार उघडलं, पिशवीकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हप्ता कोंबड्यात द्यायचा ठरला का?" पहाटे चारला त्यानं गाडगेनगर उठवलं. कापायचा तर सुरी माझ्याच हातात आली असती. पुढच्या रविवारी तो परत अकोल्याला, पाळकसाहेबांच्या अंगणात.

मार्चमध्ये कर्ज फिटलं. चौऱ्याहत्तराव्या हप्त्याला. वार्षिक सभेत मावशींनी बेबाकी दाखला वाचून दाखवला, तेव्हा मला कळलं की पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला हजार रुपये जास्तीचे जात होते. महिला मंडळाच्या बाया उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या आणि कुरड्या, एरवी चिवडा-लोणची करून विकत होत्या. माझी तीन पोतीही त्यांनी दुपारी बसून चाळली, निवडली. ज्वारी बिबड्यांत गेली, गव्हाचे रोडगे झाले, तूर वरणात शिजली. ती रोडग्यांची पंगत मी चार रोडगे खाऊन गाजवली होती. गहू कुठला, हे विचारलं नव्हतं.

मग मावशींनी वही उलटली. "आता इतर उपक्रम. नोटा वाटप, वजा अठराशे साठ. ही कल्पना कोनाची होती?"

मी पंख्याकडे पाहिलं. "समितीची असावी."

"डबे खरेदी, वजा नऊशे. हे कोनाचं?"

"मला नक्की आठवत नाही."

"आन् सोडतीच्या पावत्या छापल्या, वजा चारशे. परवानगी नसताना कोनं छापल्या?"

"मी त्या माणसाला ओळखतही नाही," मी म्हणालो.

आणि खिडकीबाहेर, पाळकसाहेबांच्या अंगणात, भर दुपारी साडेबाराला, कोंबडा आरवला.

शुभवर्तमानातला पेत्र प्रभूला तीनदा नाकारून, कोंबडा आरवल्यावर बाहेर जाऊन रडला होता. मला बाहेर जाता येईना, कारण दारात सगळी मंडळी भिंतीला धरून हसत होती. पाळकसाहेबांनी डोळे पुसले आणि चिटणीस म्हणून हे इतिवृत्तात घ्यायला मलाच सांगितलं.