पणजी कशी शोधावी : नवशिक्यांसाठी दहा सोप्या पायऱ्या
(नेकनूर आणि पंचक्रोशीसाठी खास आवृत्ती)

पणजोबा शोधायला फार अक्कल लागत नाही. तो खासरा पाहणीत असतो, सेतवारात असतो, नाहीच तर माजघरातल्या भिंतीवर हार घालून बसलेला असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती जुन्या कुणबी नोंदी तपासू लागली, तेव्हापासून बीड जिल्ह्यात घरटी एक संशोधक तयार झाला आहे. चहाच्या टपरीवर पोरं 'नमुना तेहतीस', 'नमुना चौतीस' असं क्रिकेटच्या धावांसारखं बोलतात. खापरपणजोबाही सापडतो. मात्र त्याची बायको कुणाची लेक, कुठली, असं विचारलं की टपरीवर एकदम कपबशांचा आवाज ऐकू येतो.

त्या कपबशांसाठी ही मार्गदर्शिका.

साहित्य : भिंग एक. मोडी वाचणारा एक. उर्दू वाचणारा एक (या दोघांचं आपसात पटत असल्यास उत्तम). बेरजेसाठी पाटी. डोकेदुखीच्या गोळ्या. आणि ऐंशीच्या पुढची एक म्हातारी. शेवटची वस्तू आधी मिळवा. बाकीच्या पुढच्या वर्षीही मिळतील.

पायरी पहिली : नाव नक्की करा

सोपं वाटतं ना? पाळण्यातलं नाव एक, हाकेचं दुसरं, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं कोरलेलं तिसरं. म्हातारपणी सगळं गाव 'माय' म्हणतं, ते चौथं. चारही खरी. माहेरच्या कागदात पहिलं शोधा, सासरच्या कागदात तिसरं. उलट केलंत तर दोन्हीकडे अशी बाई नव्हतीच असा निष्कर्ष निघेल आणि तो तुम्ही अभिमानानं सांगाल.

मोठी नावं सोपी असतील हा गैरसमज आहे. १८६५ साली जन्मलेली कल्याणच्या गणपतराव जोशींची यमुना लग्नानंतर गोपाळराव जोशींची आनंदी झाली. नाव बदललं, आडनाव मात्र दोन्हीकडे जोशीच. म्हणजे आडनावावरून माहेर-सासर ओळखणाऱ्याची पंचाईत. डॉ. रखमाबाईंना आज आपण ज्या 'राऊत' आडनावानं ओळखतो ते त्यांच्या सावत्र वडिलांचं, डॉ. सखाराम अर्जुन यांचं. जन्मदाते जनार्दन पांडुरंग यांच्या घरचं नाही. ज्यांच्यावर ग्रंथ लिहिले गेले त्यांची ही कथा. तुमच्या पणजीवर लिहिलाच असेल तर एखादा फेरफार.

पायरी दुसरी : ती कोणत्या राज्यात जन्मली ते ठरवा

नेकनूर निजामाच्या मुलखात, बीड जिल्ह्यात. इंग्रजी कागदात बीड 'भीर' आहे, आणि अंबाजोगाई शोधायची तर 'मोमिनाबाद' पाहावं लागतं. आता समजा कागदावरून पणजी जामखेडची निघते. जामखेड तेव्हाच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या अमलात. बैलगाडीच्या एका प्रवासात तिचं आडनाव बदललं, दरबाराची भाषा मराठी-इंग्रजीची उर्दू झाली, कलदार रुपयाचा हाली सिक्का झाला आणि इसवी सनाचा फसली. वाटेत करोडगिरीचा नाका. जकात सामानावर, त्यामुळे भांड्यांची नोंद सापडण्याची आशा नवरीच्या नोंदीपेक्षा जास्त.

पायरी तिसरी : बेरीज शिका

फसलीत ५९० मिळवले की इसवी सन. शकात ७८. हिजरीला नुसती बेरीज चालत नाही, कारण चांद्रवर्ष अकराएक दिवसांनी आखूड असतं.

सरावासाठी एक उदाहरण. कागदावर १३१० साल आहे आणि खाली पणजीची निशाणी. घरचे सांगतात, ती 'मोठ्या दुष्काळात' जन्मली. तुम्ही १८९९-१९०० चा दुष्काळ धरलात. १३१० हिजरी मानलं तर ते १८९२-९३. म्हणजे पणजीनं जन्माआधी सात वर्षं व्यवहार केला. फसली मानलं तर १९००-०१. म्हणजे रांगत येऊन निशाणी केली. इथे नवशिके 'नोंद बनावट आहे' असा शेरा मारून घरी जातात. थोडं थांबा. त्याआधी १८७६ ते ७८ चाही दुष्काळ होता, आणि तो भोगलेल्यांना तोच मोठा. तो धरा : पणजी तेवीस-चोवीस वर्षांची, शहाणीसुरती. चूक सालात नव्हती, दुष्काळ निवडण्यात होती. मराठवाड्यात दुष्काळ निवडून घ्यावा लागतो, कारण पुरवठा भरपूर.

पायरी चौथी : एका अक्षरासाठी भांडू नका, दोनासाठी भांडा

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि शब्द एकमेकांना चिकटून चालतात. उर्दूत जेर-जबर-पेश लिहीत नाहीत, त्यामुळे रखमा आणि रुखमा एकच दिसते, सखू आणि सुखू एकच. सुखी होती की सखी होती, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर.

खरा खड्डा पुढे आहे. जुन्या मराठी कागदात 'अमकी कोम तमका' असं येतं. कोम म्हणजे बायको. उर्दू कागदात 'कौम' येतं. कौम म्हणजे जात. मोडीवाला आणि उर्दूवाला एकाच टेबलावर बसले की तुमची पणजी एकाच ओळीत कुणाची तरी बायको होते आणि कुठली तरी जातही होते. शिवाय 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा, आणि आपल्याकडच्या सातबाऱ्यावर अजून टिकून असलेलं 'भ्र.' म्हणजे भ्रतार. पुरुषाच्या नावापुढे 'पि.', बाईच्या पुढे 'भ्र.'. लग्न झालं की बाईचा पिता कागदातून निवृत्त होतो. तुम्ही शोधताय तो हाच माणूस आहे.

पायरी पाचवी : शून्याकडे नीट पाहा

कागदाच्या तळाशी साक्षीदारांच्या ओळी असतात. एखाद्या कुणब्याच्या नावापुढे वेडावाकडा नांगर काढलेला दिसेल. ती त्याची निशाणी. बाईच्या नावापुढे एक गोल असेल. शाई जरा फुटलेली, सुरुवात आणि शेवट नीट न जुळलेला. आकडा समजून पुढे जाऊ नका. ती बांगडी आहे. शेजारी लिहिलेलं असतं 'निशाणी बांगडी', आणि मग 'दस्तुर' म्हणून ज्यानं तो कागद लिहिला त्याचं नाव, ठसठशीत.

नाव पटवाऱ्याच्या हातचं, भाषा सरकारची, कागद सावकाराचा. त्या साऱ्या पानावर तिच्या बाजूचा म्हणून तेवढा एक गोल. भिंग इथे वापरा. बाकी ठिकाणी नाही लागलं तरी चालेल.

पायरी सहावी :

(ही पायरी वाळवीनं खाल्ली आहे. सातवीवर जावे.)

पायरी सातवी : भांडण शोधा

सुखानं नांदलेली बाई कागदावर येत नाही. नवरा मेला, दीर उठला, पोरगं लहान, मग ती येते. आधी 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ती म्हणून, मुलाच्या नावाला टेकू देत. पोरगं सज्ञान झालं की टेकू काढून घेतात. इनामाची जमीन असेल तर अतियातच्या, म्हणजे इनामांच्या कचेरीच्या, मुंतखबात वारस लिहिलेले असतात; ते चुकवू नका.

पणजी आणि तिचा बाप दोघंही दीर्घायुषी असतील तर आणखी एक जागा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या मिळकतीत लेकीचं नाव लागू लागलं. तिच्या माहेरच्या गावी वारसाचा फेरफार काढा. तिथे ती सापडेल, 'पि.' सकट, सख्ख्या बापाच्या नावासह. लगेच पुढचा फेरफारही पाहा. बहुतेक वेळा तो हक्कसोडपत्राचा असतो. भावांसाठी तिनं नाव काढून घेतलेलं असतं. काही कागदांवर बाई येते ती जाण्यापुरती. पण तेवढ्यात तुमचं काम होतं, म्हणून बहिणींचे आभार मानून नक्कल मागा.

हैदराबाद गॅझेटियरमध्ये पणजी शोधू नका. त्यात माणसांचे आकडे आहेत, माणसं नाहीत. एवढं सांगूनही तुम्ही शोधणारच, म्हणून पुढच्या पायरीवर जा.

पायरी आठवी : बडव्यांना, उपाध्यांना, भाटांना भेटा

पैठण, पंढरपूर, त्र्यंबकेश्वर इथल्या उपाध्यांकडे घराण्यांच्या वह्या असतात. गाव सांगा, आडनाव सांगा, दक्षिणा सांगू नका. तुमच्या घरच्या वहीत ती सासरच्या नावानं असेल, तिच्या माहेरच्या वहीत पाळण्यातल्या. दोन्ही वह्या दोन वेगळ्या उपाध्यांकडे आणि दोघांचं बोलणं बंद.

पायरी नववी : म्हातारीकडे जा

दिवाळीनंतर जाऊ नका. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, नातीचं लेकरू सांभाळायला म्हातारीही कधी कधी फडावर. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' आणि उचल नवऱ्याच्या नावावर. पुढच्या शतकातल्या पणतवांना शुभेच्छा.

उन्हाळ्यात संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसा. ती विचारेल, "कोणाचा रं तू?" तुम्ही बापाचं नाव सांगाल. ती आजाचं विचारेल, मग पणजोबाचं, आणि तिथे अडेल, कारण पणजोबाचं आणि तिच्या मालकाचं नाव एकच असतं. मालकाचं नाव तिनं साठ वर्षांत उखाण्याबाहेर घेतलेलं नाही. 'आमच्या घरातल्याच्या नावाचा' एवढ्यावर भागवा.

मग जन्मसाल विचारू नका, वंश विचारू नका. असं विचारा : "पंचमीला तिला न्यायला कोण यायचं?"

"तिला? कोन न्हाई येत. भाऊ व्हता, पन पंचमीला कधी आला न्हाई. गंगेला पानी असायचं. दिवाळीला यायचा."

पेन खाली ठेवा. गंगा म्हणजे आपली गोदावरी. श्रावणात पूर ओलांडून ज्याला येता येत नाही तो भाऊ नदीच्या पलीकडचा. पैठण नाहीतर अंबडकडचा. जामखेड आणि नेकनूर यांच्यामध्ये गोदावरी कुठेच येत नाही. आठ पायऱ्या चढून तुम्ही ज्या जामखेडला पोचला होतात, ते एका न आलेल्या भावानं मोडीत काढलं.

ओव्या आठवत असतील तर त्याही ऐका. बायकांनी माहेरच्या गावाचं, भावाचं नाव जात्यापाशी जितक्या मोकळेपणानं घेतलं तितकं तलाठ्यापुढे कधी घेतलं नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुराभिलेखागाराइतकंच ते दप्तर, फक्त शिक्क्याविना.

पायरी दहावी : जुळवाजुळव करू नका

आता तुमच्यापुढे दोन पणज्या आहेत. कागदातली जामखेडची, म्हातारीची गंगेपलीकडची. नाव एकच. हात शिवशिवतील, कुणीतरी चुकलं म्हणावंसं वाटेल. झाशीच्या राणीच्या जन्माचं साल कुणी १८२८ लिहितं, कुणी १८३५. मृत्यू १७ जूनचा की १८ चा, यावरही एकमत नाही. तिथे बाई एकच आहे हे निदान सगळ्यांना मान्य आहे. तुम्ही आधी तेवढं विचारा : बाई एकच आहे ना?

उठा आणि देवघरात जा. टाक मोजा. खंडोबा, भवानी, आणि एखादा बाईचा टाक जास्तीचा निघतो, ज्याचं नाव कुणाला सांगता येत नाही. पहिली बायको गेली की दुसरीनं सवतीचा टाक करून पुजायचा, गळ्यातही घालायचा, ही रीत होती. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत अशा कितीतरी पहिल्या गेल्या. दुसरी आली, तिला ताटातल्या तांदळात तेच नाव मिळालं. पणजोबाला नवं नाव पाठ करायचे कष्ट नकोत.

म्हणजे कागदही खरा आणि म्हातारीही खरी. तुम्ही दोन्ही मिळून एक सुबक वंशावळ केली असती, गोंडस चौकटीत नाव घातलं असतं आणि त्यात एक बाई गाडली गेली असती. तालुक्याच्या कचेरीनं नव्हे, तुम्ही. नोंदी भांडत असतील तर भांडू द्या. त्या फटीतच कुणीतरी उभं असतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग बापाचं. पणजीला तो निर्णय लागू नाही. तिच्यासाठी तुमची वही तेवढी आहे.

स्वाध्याय : ती वही आत्ता उघडा. दोन तास ओट्यावर बसलात, दोनदा चहा प्यालात. माहिती कुणी दिली त्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. 'म्हातारी, वेशीजवळची.' बरोबर ना? दस्तुर खुद्द तुमचं.

परत जा. पाळण्यातलं नाव विचारा, तांदळातलं विचारा, माहेर विचारा. आणि पंचमीला कोण येतं, तेही.