काहीही बदल झालेला नाही

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात वीज लपंडाव खेळते आणि तिथल्या वांगणी गावातला संगणक मधेच मान टाकतो. काळजी नाही, विंडोजमध्ये 2000 सालापासून संगणक पूर्ववत करणारं ‘सिस्टम रिस्टोर’ आहे! बटण दाबावं, पट्टी सरकताना बघत बसावं. शेवटी निकाल: पूर्ववत करणं जमलं नाही, तुमच्या संगणकाच्या सिस्टम फायली आणि सेटिंगमध्ये काहीही बदल झालेला नाही. चौकशी समितीलाही इतका नेमका अहवाल जमत नाही.

मग ठरलेले उतारे: सेफ मोडमध्ये जा, अँटिव्हायरस थांबवा, ‘व्हॉल्यूम शॅडो कॉपी’ सेवा चालू आहे का बघा. कित्येक ठिकाणी त्यासाठी लागणारं ‘सिस्टम प्रोटेक्शन’ मुळात बंदच असतं. चालू असलं, तरी जागा संपली की जुने रिस्टोर पॉइंट गुपचूप पुसले जातात. उरलेले राहतात त्याच डिस्कवर. ती गेली की राखणदारही गेला. शिवाय तुमचे फोटो नि हिशेब त्याच्या अखत्यारीतच नाहीत.

धो धो पावसानंतर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या तालुक्यांना ऐन गरजेला हात रिकामे ठेवणारं साठवणीचं हे तंत्र नवं नाही. तेव्हा वेगळ्या डिस्कवर प्रत ठेवा आणि अधूनमधून ती उघडून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसतं आश्वासन, आणि आश्वासनांचा साठा इथे कधीच कमी पडलेला नाही.