अकरा महिन्यांचा मतदार

दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी मुनिरका हे गाव आहे. गाव म्हणायचे ते सवयीने. शेत औषधालाही उरलेले नाही. टोकस गोत्राच्या जाटांची जमीन सरकारने वसाहती आणि संस्थांसाठी घेतली. मालकांकडे राहिले ते लाल डोऱ्याच्या आतले गावठाण. लाल डोरा म्हणजे महसुली नकाशावर वस्तीभोवती ओढलेली तांबडी रेघ. तिच्या आतल्या घरांना 1963 साली बांधकामाच्या नियमांतून सूट मिळाली आणि गव्हाच्या जागी खोल्यांची लागवड सुरू झाली. गव्हावर गहू पेरता येत नाही. खोलीवर खोली चार-पाच वेळा पेरता येते.

या पिकावर जगणाऱ्या आणि पिकाला जगवणाऱ्या प्राण्यास किरायेदार म्हणतात. त्याच्या मुख्य जाती तीन. पहिली पूर्वांचली, म्हणजे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली. पहारा, स्वयंपाक, वाहन आणि बांधकाम ही तिची क्षेत्रे. दुसरी ईशान्येची, मणिपूर, नागालँड, मिझोरमची मुले-मुली कॉल सेंटर, पार्लर आणि दुकाने चालती ठेवतात. तिसरी विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षावाले. या तिसऱ्या जातीत मराठी नमुनेही आढळतात. मुंबईत ‘परप्रांतीय’ हा शब्द ज्याच्या जिभेवर असतो, तो मुनिरक्यात उतरला की तो शब्द त्याच्या पाठीवर चिकटतो. फरक एवढाच, की तिथे त्याच्या नावाने पक्ष निघतो आणि इथे पोलीस पडताळणीचा अर्ज.

किरायेदार मतदार कसा होतो, हे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात सांगितले आहे. जो जिथे सर्वसाधारणपणे राहतो, तिथे त्याचे मत. केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, असेही कायदा बजावतो. कायद्याच्या नजरेत माणूस मोठा, घर लहान. व्यवहारात मात्र राहण्याचा पुरावा लागतो, पुराव्याला भाडेकरार लागतो आणि कराराला घरमालकाची सही लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून सगळे करार अकरा महिन्यांचे. परिणामी दहा वर्षे एकाच खोलीत राहिलेला माणूस कागदावर दर अकरा महिन्यांनी नवा पाहुणा असतो. काहींच्या वाट्याला तोही कागद येत नाही. कागद दिला तर किरायेदार हक्क सांगेल, ही मालकाची भीती. मागितला तर खोली जाईल, ही किरायेदाराची.

सरकारी सवलतीही सहीच्या याच उंबऱ्याशी अडतात. दिल्लीत 200 युनिटपर्यंत वीज मोफत झाली, पण मीटर मालकाच्या नावे. मोफत वीज किरायेदाराला विकत मिळू लागली. त्यावर 2019 मध्ये किरायेदारांसाठी प्रीपेड मीटरची योजना निघाली. ज्यांच्याकडे भाड्याचा कागद होता, त्यांची सोय झाली.

ज्या स्थलांतरितांची नावे यादीत चढली, त्यांच्या बाबतीत मात्र दिल्लीची जीभ लवकर वळते. 2008 मध्ये शीला दीक्षित यांच्या सरकारने मैथिली-भोजपुरी अकादमी काढली. 2016 मध्ये भाजपने भोजपुरी गायक मनोज तिवारी यांना दिल्लीचे प्रदेशाध्यक्ष केले. बिहारचा माणूस पाचशेच्या तिकिटावर येतो आणि पाच लाखांचे उपचार फुकट घेऊन जातो, असे 2019 मध्ये अरविंद केजरीवाल म्हणाले. 2024 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने छठपूजेची सुट्टी जाहीर केली. त्याच वर्षी लोकसभेला ईशान्य दिल्लीत तिवारींसमोर काँग्रेसने कन्हैया कुमार यांना उभे केले. पूर्वांचलीला पाडायला पूर्वांचलीच लागतो, एवढे गणित तोवर सर्वांना आले होते.

मुनिरक्यातल्या ईशान्येच्या मुलांपैकी अनेकांची नावे अजून गावाकडच्या यादीत आहेत. म्हणून त्यांच्या वाट्याला जाहीरनामा येत नाही, समिती येते. 2014 मध्ये लाजपत नगरात मारहाणीनंतर अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. समितीला मते लागत नाहीत.

अमेरिकेतही हाच धडा इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये शिकवला जातो. 1986 मध्ये रेगन यांच्या कायद्याने सुमारे 27 लाख बेकायदा स्थलांतरितांना वास्तव्याचा हक्क मिळाला. हिस्पॅनिक मतदार वाढत गेले आणि ते आपल्याच खिशात आहेत, असा डेमोक्रॅट पक्षाने समज करून घेतला. 2024 मध्ये त्यांतल्या सुमारे 46 टक्क्यांनी हद्दपारीची घोषणा देणाऱ्या ट्रम्प यांना मत दिल्याचे मतदानोत्तर पाहणीत दिसले. आलेला माणूस मतदार झाला की इतर मतदारांइतकाच बेभरवशाचा होतो. पूर्ण नागरिक झाल्याची याहून पक्की खूण नाही.

भारतात देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्यावर तोडगा म्हणून निवडणूक आयोगाने 72 मतदारसंघांचे मतदान एका जागेवरून घेणारे यंत्र तयार केले. जानेवारी 2023 मध्ये ते दाखवायला पक्षांना बोलावले. अनेक पक्षांनी शंका काढल्या आणि यंत्र बासनात गेले. पुढे 2025 मध्ये बिहारच्या मतदार यादीची फेरतपासणी झाली. मसुद्यातून सुमारे 65 लाख नावे गळाली. त्यांतली 36 लाखांच्या आसपास कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले या सदरात होती. मुनिरक्यात ज्याची नोंद होत नाही, तो गावी सापडत नाही. दोन्ही ठिकाणचे अधिकारी आपापल्या जागी बरोबर असतात.

मुनिरका ज्या आर. के. पुरम मतदारसंघात येते, तिथे 2013 च्या विधानसभा निवडणुकीत भाजपचे उमेदवार 326 मतांनी निवडून आले. 326 किरायेदार मुनिरक्याच्या एका दाट गल्लीत सहज मावतात.