निरोप तुमचा नव्हता

माझ्या जुन्या मोबाइल कंपनीस,

मी नंबर दुसरीकडे नेणार हे कळल्यावर तुम्ही दोन दिवसांत मला सहा मेसेज पाठवलेत. जाऊ नका, बिल कमी करतो, नवा फोन हप्त्यावर देतो. सातवा मात्र तुम्हाला सुचला नाही: 'तुमच्या व्हॉइसमेलमध्ये निरोप आहेत, नंबर गेला की पुसले जातील, आधी उतरवून घ्या.' गिऱ्हाईक धरून ठेवायला एवढी धावपळ, आणि तिच्या आईचा आवाज टाकून देताना एक ओळसुद्धा जड झाली?

आई सांगलीची. व्हॉट्सॲप तिला कधी जमलं नाही. पहाटे चहा झाला की घरच्या फोनवरून न्यू जर्सीला आयएसडी लावायची. मी तेव्हा रात्रीच्या स्वयंपाकात. फोन उचलला गेला नाही, की ती यंत्राशीच बोलायची: "अगं, जेवलीस का? बरं, ठेवते." एकदा रिसीव्हर नीट बसला नाही. पुढे ती दूधवाल्याला सुट्टे पैसे मोजून देतेय आणि "म्हशीचंच आहे ना रे?" म्हणून विचारतेय. एकूण ४१ सेकंद. ती गेल्यावर दीड वर्ष मी ते ऐकत होते. यादीत तिचं नाव, बोट लावलं की आवाज. तो माझ्या फोनमध्येच आहे, असं कुणालाही वाटेल.

तसं वाटावं अशीच ही रचना आहे. पूर्वी १ चं बटण दाबून धरून तुमच्या यंत्राला फोन लावावा लागे. निरोप परक्या घरी आहे एवढं तरी त्यातून कळायचं. २००७ मध्ये आयफोनबरोबर व्हिज्युअल व्हॉइसमेल आलं. यादी पडद्यावर आली, निरोप फोनवर उतरू लागले, पण ईमेलच्या पेटीसारखी ती यादी तुमच्या सर्व्हरला बांधलेलीच राहिली. मी नवं सिम घातलं आणि यादी कोरी झाली. "खातं बंद झालं, आता परत आणता येत नाही," असं तुमच्या माणसानं सांगितलं. त्याच्यावर माझा राग नाही. हा नियम करणाऱ्यांवर आहे.

फोन बंद असेल तेव्हा निरोप तुमच्याकडे उतरणार, हे मला मान्य आहे. पार्सलही आधी पोस्टातच येतं. पण म्हणून ते पोस्टमास्तरचं होतं का?

जागेचं कारण तर सांगूच नका. फोनवर उतरणारा हा आवाज एएमआर पद्धतीनं दाबलेला असतो, सेकंदाला फार तर १२.२ किलोबिट. माझी आई सत्तर केबीच्या आत मावत होती.

आणि नेटवर्कवर सगळं सुरक्षित असतं, हेही ऐकवू नका. ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'साठी काम करणाऱ्यांनी कुणाचा फोन हातात न घेता व्हॉइसमेल ऐकले, कारण पेट्या नेटवर्कवर होत्या आणि कित्येकांचे पिन कंपनीनं दिलेलेच राहिले होते. खून झालेल्या एका शाळकरी मुलीची पेटीही त्यांनी सोडली नाही. १८४३ पासून चाललेलं ते साप्ताहिक जुलै २०११ मध्ये बंद झालं.

२०२३ च्या आयओएस १७ पासून फोन चालू असेल तर निरोप फोनच टिपून ठेवू शकतो. म्हणजे तुमच्या पेटीवाचून काही अडत नव्हतं. त्याआधीही निरोप फाइल म्हणून उतरवायची सोय होती. मला ती कळली तेव्हा उतरवायला काही उरलं नव्हतं.

नंबर सोडणाऱ्या प्रत्येकाला आधी तो सातवा मेसेज पाठवा. उत्तर येईपर्यंत, निदान महिनाभर, पेटीला हात लावू नका.

काल रात्री ह्यांच्या फोनमधले सासूबाईंचे अकरा निरोप मी एकेक करून फाइलमध्ये उतरवले. नवव्यात त्या बोलता बोलता कुकरच्या शिट्ट्या मोजत आहेत.

तुमची जुनी ग्राहक